पुश माझ्या ब्रँचचं, गेलं मेनवर! हे अपस्ट्रीम ट्रॅकिंग नक्की काय प्रकार आहे?

ओली_मेथी

नमस्कार मंडळी. काल ऑफिसात एक पराक्रम केलाय, आधी हसून घ्या मग समजावून सांगा.

आमची छोटी टीम आहे, सहा जण, बिलिंगचं सॉफ्टवेअर. मला एक बग दिला होता, इनव्हॉइसमध्ये सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे राउंड होतात आणि खालच्या बेरजेत एक पैसा कमी-जास्त येतो, तो. मी गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवतं ते) अगदी शहाण्यासारखं आधी फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरचं ताजं आणलं, आणि मग नवीन ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, काढली:

गिट चेकआउट -बी जीएसटी-राउंडिंग ओरिजिन/मेन

(कमांड देवनागरीतच टाइप करतेय, फोनवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, समजून घ्या. ओरिजिन म्हणजे आमचा सर्व्हर, मेन म्हणजे सगळ्यांची मुख्य ब्रँच.)

तीन कमिट (नोंदवलेले बदल) केले, टेस्ट पास झाल्या, सर्व्हरवर चढवायला नुसतं गिट पुश मारलं. तर ते फेटल म्हणून ओरडलं, की तुझ्या ब्रँचचं नाव आणि तिच्या अपस्ट्रीम ब्रँचचं नाव जुळत नाहीये. खाली त्यानेच दोन कमांड दिल्या होत्या, असं हवं असेल तर ही वापर, तसं हवं असेल तर ती. मी वाचायचे कष्ट न घेता पहिली उचलली आणि चिकटवली. ती होती गिट पुश ओरिजिन हेड:मेन, म्हणजे आत्ता जिथे आहे ती ब्रँच (हेड) सर्व्हरच्या मेनवर ढकल. हो. माझे तिन्ही कमिट रिव्ह्यू-बिव्ह्यू काही न होता थेट मेनवर. मेनला प्रोटेक्शन लावलेलंच नव्हतं हे तेव्हा सगळ्यांना एकदमच कळलं. लीड काही बोलले नाहीत, खुर्ची फिरवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिन्ही कमिट मिळून एका कमिटमध्ये रिव्हर्ट केले, म्हणजे उलटवले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

आता डोक्यात भुंगा असा की शेजारी बसतो त्या दादाने त्याच दिवशी तसंच केलं, मेनवर गेला, पुल केलं, गिट चेकआउट -बी करून ब्रँच काढली, आणि पुश केल्यावर त्याला वेगळीच एरर आली की तुझ्या ब्रँचला अपस्ट्रीमच नाही. रेपो (कोडचा साठा) एकच, गिटचं व्हर्जन पण एकच. मग माझ्या ब्रँचला मेन कोणी जोडून दिलं, मी तर नाही सांगितलं! आणि अपस्ट्रीम म्हणजे ते फोर्क (दुसऱ्याच्या रेपोची स्वतःची कॉपी) केल्यावर जो अपस्ट्रीम नावाचा रिमोट ॲड करतात तोच ना? आमच्याकडे फोर्क वगैरे काही नाहीये.

वडाप

गिट पुश -यू ओरिजिन हेड. हेड कॅपिटलमध्ये. पुढच्या वेळी एररमधली दुसरी कमांड उचल, पहिली नको. विषय संपला.

तिसरी_घंटा

वडाप, विषय संपला नाही, ती 'का' विचारतेय.

मेथी, तू सांगितलं नाहीस असं वाटतंय पण सांगितलंस, त्या चेकआउटच्या कमांडमध्ये शेवटी ओरिजिन/मेन लिहिलंस तिथे. गिटचा नियम असा आहे की नवीन ब्रँच जर रिमोट-ट्रॅकिंग ब्रँचवरून काढली, म्हणजे ओरिजिन/अमुक वरून, तर ते आपणहून त्यालाच तुझ्या ब्रँचचं अपस्ट्रीम करून टाकतं. दादाने ब्रँच काढली ती स्वतःच्या लोकल मेनवरून, तिथे हा नियम लागू होत नाही, म्हणून त्याची ब्रँच अपस्ट्रीमशिवाय जन्मली. दोघांच्या ब्रँचमधला कोड अगदी सारखा, जन्मदाखल्यावर फरक. ह्या सेटिंगचं नाव ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज आणि ते मुळातच चालू असतं. आणि हे ते गुपचूप करत नाही हं, तू ब्रँच काढलीस तेव्हा टर्मिनलवर एक ओळ आली असणार की जीएसटी-राउंडिंग आता ओरिजिन/मेनला ट्रॅक करेल. आपण कोणीच ती ओळ वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

आता अपस्ट्रीम म्हणजे काय. लोकांना वाटतं की लोकल ब्रँच आणि सर्व्हरची ब्रँच यांच्यात काहीतरी नळ जोडलेला असतो आणि त्यातून कोड वाहतो. नळ-बिळ काही नसतो. तुझ्या रेपोत डॉट गिट फोल्डर आहे त्यात कॉन्फिग नावाची साधी टेक्स्ट फाइल आहे ती उघड, खाली कुठेतरी हे दिसेल:

[ब्रँच "जीएसटी-राउंडिंग"]
रिमोट = ओरिजिन
मर्ज = रेफ्स/हेड्स/मेन

संपलं. ह्या दोन ओळी म्हणजेच अपस्ट्रीम. नुसतं गिट पुल म्हटलं तर कुठून आणायचं, स्टेटसमध्ये 'इतके कमिट पुढे, इतके मागे' म्हणायचं ते कोणाच्या तुलनेत, आणि नुसतं पुश म्हटलं तर नाव जुळतंय का, एवढ्यासाठी गिट ही चिठ्ठी बघतं. ही फाइल फक्त तुझ्या लॅपटॉपवर असते, सर्व्हरला ह्यातलं काहीही माहीत नसतं, आणि दादाच्या लॅपटॉपवर त्याच नावाच्या ब्रँचसमोर वेगळं काही लिहिलेलं असू शकतं.

सगळ्या ब्रँचच्या चिठ्ठ्या एकदम बघायच्या तर गिट ब्रँच -व्हीव्ही, दोन व्ही. चौकोनी कंसात जे येतं ते अपस्ट्रीम. पुश करायच्या आधी दोन सेकंद हे बघायची सवय लाव.

पुशने अडवलं ते का? पुश.डीफॉल्ट सेटिंग सिंपल असतं म्हणून. सिंपलचं म्हणणं एवढंच की अपस्ट्रीमचं नाव आणि तुझ्या ब्रँचचं नाव एकच असेल तर ढकलतो, नाहीतर तूच स्पष्ट सांग. म्हणजे गिटने तुला वाचवायचाच प्रयत्न केला होता गं, पण सुचवताना धोक्याची कमांड आधी आणि बिनधोक नंतर छापली. हे मला पण कायम खटकतं.

ओली_मेथी

बापरे, फाइल उघडली, खरंच आहेत दोन ओळी! मी समजत होते आत काहीतरी मोठी भानगड असेल.

पण थांबा, एक नवीन गोंधळ झालाय. तुमचं उत्तर वाचायच्या आधी सकाळी येऊन सवयीने त्याच ब्रँचवर गिट स्टेटस केलं, ते म्हणालं ओरिजिन/मेनच्या बरोबरीत आहेस, अप टू डेट. म्हटलं छान. मग गिट पुल केलं आणि माझा सगळा राउंडिंगचा कोड फाइलमधून गायब!! अप टू डेट होतं तर मग पुलने आणलं काय? आणि कोड गेला कुठे, चहा पण प्यायले नाहीये अजून.

रात्रपाळी

आधी चहा घे, कोड कुठेही जात नाही.

तुझ्या ब्रँचचं अपस्ट्रीम मेन, मेनवर लीडनी रिव्हर्ट टाकलेला, तू पुल केलंस म्हणजे मेनचं नवीन ते सगळं आणलंस, त्यात रिव्हर्ट पण आला, आणि रिव्हर्ट म्हणजे तुझ्या बदलांच्या बरोबर उलटे बदल. गिटने सांगितल्या कामगिरीप्रमाणे काम केलं. गिट लॉग बघ, तुझे तीन कमिट आणि त्यांच्या डोक्यावर रिव्हर्टचा चौथा दिसेल.

अप टू डेटचं म्हणशील तर ओरिजिन/मेन हे सर्व्हरचं मेन नाहीये. ते सर्व्हरच्या मेनचं झेरॉक्स आहे, तू शेवटचं फेच, पुल किंवा पुश केलंस त्या वेळेचं. स्टेटस नेटवर्कला हातच लावत नाही, वायफाय बंद करून बघ तरी तितक्याच आत्मविश्वासाने अप टू डेट म्हणेल. झेरॉक्स कालचं, आणि तुझी ब्रँच त्या झेरॉक्सच्या बरोबरीत, एवढंच त्याला माहीत. पुलने आधी नवीन झेरॉक्स काढलं आणि मग ते तुझ्या ब्रँचमध्ये मिसळलं.

म्हणून मी सकाळी पुल न करता आधी फेच करतो, मग ब्रँच -व्हीव्ही, मग ठरवतो. फेचने तुझ्या कोडला काहीही होत नाही, फक्त झेरॉक्स बदलतं.

वडाप

रीफ्लॉगमध्ये (ब्रँच कधी कुठे होती त्याची नोंद) बघ पुलच्या आधीचा कमिट आणि रीसेट --हार्ड मारून तिथे परत जा, कोड परत.

तिसरी_घंटा

वडाप, थांब रे, तिला खड्ड्यात घालशील. कोड परत येईल पण पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती) रिकामा निघेल. तिचे तीन कमिट मेनच्या इतिहासात आधीच जाऊन बसलेत, रिव्हर्टने ते पुसले जात नाहीत, रिव्हर्ट म्हणजे पुढे जोडलेला अजून एक कमिट असतो. आता ती जुन्या जागी जाऊन पीआर उघडायला गेली तर गिटच्या हिशेबी तिच्याकडे नवीन काहीच नाही, मर्ज करण्यासारखं शून्य.

मेथी, आत्ता तू आहेस तिथेच राहा, ही जागा चांगली आहे. लॉगमधून लीडच्या रिव्हर्टचा आयडी घे आणि गिट रिव्हर्ट तो आयडी. रिव्हर्टचा रिव्हर्ट. ऐकायला विचित्र वाटतं पण बरोबर हेच करतात. कोड परत येईल, आणि तो एका नवीन कमिटमधून येईल म्हणजे पीआरमध्ये सगळे बदल दिसतील. मग गिट पुश -यू ओरिजिन हेड. ह्यातल्या -यू ने ती कॉन्फिगमधली मर्जवाली ओळ बदलते, मेनच्या जागी जीएसटी-राउंडिंग येतं. तिथून पुढे नुसतं पुश, नुसतं पुल.

आणि पुढच्या वेळी ओरिजिन/मेनवरूनच ब्रँच काढ, ती सवय चांगलीच आहे, ताजा कोड मिळतो, फक्त सोबत --नो-ट्रॅक लाव म्हणजे चिठ्ठी लिहिली जाणार नाही.

सह्याद्री_३२बिट

एवढं कशाला, पुश.ऑटोसेटअपरिमोट ट्रू करून टाका ना ग्लोबल कॉन्फिगमध्ये. गिट २.३७ पासून आहे, २०२२ साली आलं. पहिल्या पुशला आपोआप -यू लागतं. मी तर विसरलोच आहे की -यू नावाचं काही असतं.

रात्रपाळी

चांगलं सेटिंग आहे, मी पण वापरतो, पण इथे त्याने काही झालं नसतं. ते लागू होतं फक्त अपस्ट्रीम अजिबात नसेल तेव्हा. दादाची एरर गेली असती. मेथीच्या ब्रँचला अपस्ट्रीम होतं, चुकीचं का होईना, त्यामुळे तिला तीच एरर तशीच आली असती. --नो-ट्रॅक आणि हे सेटिंग दोन्ही मिळून मात्र मस्त जमतं. किंवा ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज लाच सिंपल करून टाका, मग नावं सारखी असतील तरच ट्रॅकिंग लागतं, --नो-ट्रॅक लक्षात ठेवायची पण गरज नाही.

आणि मेथी, कोणी पुश.डीफॉल्ट अपस्ट्रीम कर म्हणालं तर करू नकोस. नाव वाचून वाटतं की हेच तर हवंय. त्यात गिट नाव जुळतंय का ते बघतच नाही, चिठ्ठीवर मेन लिहिलं असेल तर मेनवर ढकलून मोकळं, एरर पण नाही. काल निदान एररने तुला विचारलं तरी.

जुना_खांब

तुम्ही पोरं सुखात आहात. गिट २.० च्या आधी, म्हणजे २०१४ च्या आधी, नुसतं गिट पुश म्हणजे मॅचिंग असायचं. ज्या ज्या ब्रँचची नावं दोन्हीकडे सारखी त्या सगळ्या एकदम जायच्या. तुम्ही उभे एका ब्रँचवर आणि पुश होतंय आठवडाभरापूर्वी अर्धवट सोडलेल्या दुसऱ्याच ब्रँचचं. ह्या एका कारणाने मी पुशसमोर रिमोट आणि ब्रँच दोन्ही पूर्ण लिहायला लागलो, बोटांना ती सवय अजून आहे.

अजून एक गंमत. तेव्हा अपस्ट्रीम लावायला गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम असा पर्याय होता. माणूस सहज लिहिणार --सेट-अपस्ट्रीम ओरिजिन/मास्टर, म्हणजे आत्ताच्या ब्रँचचं अपस्ट्रीम हे कर. आणि गिट काय करायचं, तर ओरिजिन/मास्टर ह्याच नावाची नवीन लोकल ब्रँच बनवायचं! मग खरं ओरिजिन/मास्टर कुठलं आणि आपलं कुठलं शोधत बसा. २०१२ मध्ये १.८.० आलं त्यात --सेट-अपस्ट्रीम-टू आणलं तेव्हा ह्यातून वाट निघाली. जुन्या ब्लॉगवरून कमांड उचलत असाल तर शेवटी 'टू' आहे का तेवढं बघा. लावलेलं काढायचं तर --अनसेट-अपस्ट्रीम.

कोपऱ्यातला_पंखा

मी थोडा वेगळा बोलणार आहे, शिव्या खायची तयारी आहे. फीचर ब्रँचचं अपस्ट्रीम मेनच असावं असं माझं मत आहे आणि मी चार वर्षं तसंच ठेवतोय.

कारण मला रोज काय जाणून घ्यायचं असतं? माझी सर्व्हरवरची कॉपी माझ्यापेक्षा पुढे आहे का, हे नाही, तिथे माझ्याशिवाय कोणी पुशच करत नाही. मला हवं असतं ते हे की मेन किती पुढे सरकलं. अपस्ट्रीम मेन असेल तर स्टेटस मला नेमकं तेच सांगतं, आणि गिट पुल --रीबेस म्हटलं की माझे कमिट ताज्या मेनवर येऊन बसतात. पुश.डीफॉल्ट मी करंट करून ठेवलंय, त्यामुळे नुसतं पुश नेहमी माझ्याच नावाच्या ब्रँचवर जातं, चिठ्ठीवर काही का लिहिलेलं असेना.

आपले सरकारी फॉर्म आठवा, कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने असतात. गिटमध्ये पण ते दोन वेगळे आहेत. ॲट आणि पुढे महिरपी कंसात अपस्ट्रीम लिहिलं की कायमचा पत्ता मिळतो, महिरपी कंसात पुश लिहिलं की पत्रव्यवहाराचा. बहुतेक लोकांचे दोन्ही एकच असतात म्हणून फरक कळत नाही. मेथीचा कायमचा पत्ता मेन होता, पत्रव्यवहाराचा ठरलाच नव्हता आणि तिला ते माहीत नव्हतं, एवढाच घोटाळा.

तिसरी_घंटा

शिव्या नाही, पण गिट नुकतंच शिकणाऱ्या मुलीला हे नको सांगूस. तुझ्या पद्धतीत ब्रँचवर दुसरं कोणी काम करत असेल तर त्याचे कमिट पुलने येणारच नाहीत आणि स्टेटस त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. शिवाय आधीच पुश केलेली ब्रँच रोज रीबेस करायची म्हणजे रोज फोर्स पुश, सर्व्हरवरचं जुनं पुसून जबरदस्तीने ढकलणं. मेन किती पुढे गेलं हे बघायला अपस्ट्रीम बदलावं लागत नाही, फेच कर आणि गिट लॉग --वनलाइन हेड..ओरिजिन/मेन, जे आपल्याकडे नाहीत ते मेनचे कमिट दिसतात.

पत्त्याचा दाखला मात्र झकास आहे, चोरणार.

कोपऱ्यातला_पंखा

फोर्स पुश --फोर्स-विथ-लीज ने करतो (दुसऱ्याचं काही पुसलं जाणार असेल तर ते अडवतं), एवढा काही राक्षस नाहीये. बाकी मान्य, एकट्याच्या ब्रँचला ठीक, दोघांच्या नाही.

जुना_खांब

तिच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. ताई, अपस्ट्रीम नावाचा रिमोट आणि अपस्ट्रीम ब्रँच ह्या दोन वेगळ्या गोष्टी, नावाचा योगायोग. पहिलं हे फक्त लोकांनी पाडलेलं नाव, गिटहबवर फोर्क केला की ओरिजिन म्हणजे आपला फोर्क आणि मूळ प्रोजेक्टला अपस्ट्रीम म्हणायची पद्धत आहे. त्याचं नाव 'मूळगाव' ठेवलं तरी गिटला फरक पडत नाही. दुसरं मात्र गिटचं स्वतःचं, प्रत्येक ब्रँचला वेगळं, तुझ्या फाइलमधल्या त्या दोन ओळी.

शब्द दोन्हीकडे नदीवरूनच आलाय, उगमाकडची बाजू. गोदावरीचं बघायचं तर नाशिक अपस्ट्रीम आणि जायकवाडी खाली. फक्त तिथे पाणी वरून खाली किती सोडायचं यावरून दरवर्षी भांडण, आणि इथे खालून वर कोणी काय ढकललं यावरून.

आणि अपस्ट्रीम सर्व्हरवरचंच असावं असंही नाही. लोकल ब्रँचला दुसऱ्या लोकल ब्रँचचं अपस्ट्रीम लावता येतं, तेव्हा फाइलमध्ये रिमोटच्या जागी नुसतं एक टिंब असतं. एका पीआरवर दुसरा पीआर रचत असाल तर उपयोगी पडतं.

ओली_मेथी

मंडळी, जमलं! रिव्हर्टचा रिव्हर्ट केला, कोड परत आला, -यू लावून पुश केलं, ब्रँच -व्हीव्ही मध्ये आता ओरिजिन/जीएसटी-राउंडिंग दिसतंय. लीडनी पीआर बघितला, एक कमेंट दिली की व्हेरिएबलचं नाव बदल, कालचा विषय काढला नाही. मेनला प्रोटेक्शन पण लागलं, म्हणजे आता हेड:मेन कोणी मारलंच तर सर्व्हरच परत पाठवेल. दादाने पुश.ऑटोसेटअपरिमोट लावलं आणि टीमच्या ग्रुपवर स्वतःच्या नावावर खपवलं, सह्याद्री, तुमचा उल्लेख नाही केला त्याने, मी बघत होते.

एक शेवटचं. -व्हीव्ही मध्ये माझ्या जुन्या दोन ब्रँचच्या पुढे ओरिजिनचं नाव आणि कोलन देऊन 'गॉन' लिहिलंय. ह्याच्यात घाबरण्यासारखं काही आहे का?

रात्रपाळी

नाही. पीआर मर्ज झाल्यावर सर्व्हरवरची ब्रँच कोणीतरी डिलीट केली, आणि तू किंवा तुझ्या एडिटरने फेच --प्रून केलं त्यात तिचं झेरॉक्स पण फेकलं गेलं. चिठ्ठी मात्र तुझ्या कॉन्फिगमध्ये तशीच आहे, पत्ता आहे पण त्या पत्त्यावर घर नाही. काम मर्ज झालंय याची खात्री करून गिट ब्रँच -डी ने उडव, लहान डी. स्क्वॉश करून मर्ज केलं असेल तर लहान डी ऐकणार नाही, कारण तुझे मूळ कमिट मेनमध्ये गेलेच नाहीत, त्यांचा मिळून नवीन एक गेला. तेव्हा कॅपिटल डी लागतो, आणि तो काहीही विचारत नाही, तेव्हा ब्रँचचं नाव दोनदा वाच.

वडाप

आणि पहिली सुचवलेली कमांड चिकटवू नकोस 😄

ओली_मेथी

वडाप!!! 🙏